जवळ जाऊन बसतं

१

हर्मिनिया गेंटोलियाने गिंबालच्या शाळेत अठरा वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मग इलोइलो शहरात, मांदुर्याओ भागातल्या एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर नोकरी धरली. काम काय करतेस, असं गावात कुणी विचारलं की ती सांगायची, बरण्यांवर चिठ्ठ्या लावते.

त्यात फारसं खोटं नव्हतं. एआय एजंटला काम सांगितलं की त्याच्यापुढे वीस-पंचवीस टूल्स मांडलेली असतात. एक निरोप धाडतं, एक दार बंद आहे का ते बघतं, एक डॉक्टरची वेळ घेतं. टूलच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही. दिसतं ते फक्त वर लिहिलेलं दोन-चार ओळींचं वर्णन, आणि ते वाचून तो आत्ता कुठलं उचलायचं ते ठरवतो. वर्णन गचाळ असलं की भलतंच उचलतो, किंवा काहीच उचलत नाही. हर्मिनिया दिवसभर हेच तपासायची. एकेक वर्णन शंभर खोट्या प्रसंगांवर चालवायचं, एजंटने किती वेळा बरोबर टूल उचललं ते बघायचं, चुकलं तिथे वाक्य दुरुस्त करायचं आणि पुन्हा शंभर वेळा चालवायचं. मुलांच्या निबंधांपेक्षा हे बरं, असं तिचं मत होतं. एजंट निदान लिहिलेलं वाचतो तरी.

त्या मार्चमध्ये नवं काम आलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष ठेवणारी, कुठल्याशा थंड देशातली एक कंपनी होती. घराच्या भिंतीवर विटेएवढी पांढरी पेटी बसवायची. तिच्यातला एजंट औषधांची आठवण करून देणार, कुणी पडलं तर मुलांना कळवणार. तेवीस टूल्सची यादी होती. गटप्रमुख रेनांते पालोमो याने कर्मचाऱ्यांनाही एकेक पेटी घरी वापरायला दिली, म्हणजे रोजचे बदल रोज तिथे उतरतील आणि काही बिघडलं तर आधी आपल्याला कळेल.

हर्मिनियाने पेटी आनंदाने नेली. तिचे वडील, ताताय फाउस्तो, तीस वर्षं गिंबाल ते शहर जीपनी, म्हणजे प्रवाशांची लांब जीप, चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सकाळी शेजारची मानांग, म्हणजे ताई, पासिंग येऊन त्यांना आंघोळ घाली, भरवी आणि बाराला आपल्या घरी जाई. बारा ते सहा ताताय एकटे असत. त्या सहा तासांचा विचार ऑफिसात बसून करायचा नाही, असं हर्मिनियाने स्वतःला बजावलेलं होतं आणि ते तिला एकही दिवस जमलेलं नव्हतं.

२

यादीतल्या सतराव्या टूलचं नाव होतं ‘साथ’. त्याचं वर्णन असं होतं: घरात माणूस एकटं असेल तर जवळ जाऊन बसतं. माणूस जागं असताना वापरू नये. काम झाल्यावर परत बोलवावं, नाहीतर तिथेच राहतं.

हर्मिनियाने नाक मुरडलं. जवळ जाऊन बसतं म्हणजे काय? भिंतीवरची पेटी बसणार कशी? पेटीतून गप्पा मारायची सोय असेल आणि इंग्रजी कच्चं असलेल्या कुणीतरी ती अशी लिहिली असेल, असं तिने धरलं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की हे जुन्या यादीतून आलंय, कुणी लिहिलं ठाऊक नाही, तुम्हीच नीट करा.

पहिल्या फेरीत शंभरात अडतीस गुण पडले. टूल उचलण्याआधी एजंट काय विचार करतो, तेही नोंदीत दिसायचं. हर्मिनिया एकेक नोंद वाचत गेली. ‘माणूस जागं आहे, म्हणून वापरत नाही.’ ‘परत बोलवायचं टूल यादीत नाही, म्हणून वापरत नाही.’ पन्नास-साठ वेळा आलटून पालटून हेच. एजंटचं खोटं नव्हतं. तेवीस टूल्समध्ये परत बोलवायचं एकही नव्हतं. ज्याची सोयच नाही ते वर्णनात ठेवून एजंटला अडवायचं नाही, हा नियम ती नव्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची. आणि भरदुपारी माणसं जागीच असणार.

तिने दोन्ही वाक्यं काढून टाकली. उरलेलं सरळ केलं: घरात माणूस एकटं असेल तेव्हा हे टूल वापरा. ते त्याच्या जवळ जाऊन बसतं. विचारायची गरज नाही.

अकराच्या आत एक्याण्णव गुण पडले. रेनांतेने पाठीमागून येऊन आकडा पाहिला आणि म्हणाला, “मानांग हर्मी, तुझं लाल पेन अजून सुटलं नाही बरं का.” तीनच्या खाण्याला त्याने गटासाठी बिबिंगका, तांदळाचा गरम केक, मागवला. तो मंगळवार होता.

३

चाचणीत टूल्स खरी चालत नाहीत. एजंटने दार बघायचं टूल उचललं तर खरं दार कुणी बघत नाही. ‘झालं’ असं एक ठरलेलं उत्तर येतं आणि एजंट पुढे जातो. बुधवारी सकाळी हर्मिनिया नोंदींवरून नजर फिरवत होती. सगळ्या टूल्सपुढे ‘झालं’ होतं. ‘साथ’पुढे होतं, ‘बसलोय.’

तिला हसू आलं. मग पुढच्या ओळी दिसल्या.

‘बसलोय. म्हातारी जागी आहे.’

‘बसलोय. तिने दिवा लावला.’

‘बसलोय. तिने दिवा अजून विझवला नाही.’

वरून थंड हवेचा झोत येत होता. बाजूच्या रांगेतून बटणांचा टकटकाट चालू होता. हर्मिनियाने शालीचं टोक खांद्यावर ओढलं आणि शिक्षिकेच्या डोक्याने विचार केला. ही खोटी उत्तरं दुसरं एखादं मॉडेल बनवत असणार, आणि त्याला पदरचं घालायची खोड असणार. शाळेत अशी पोरं असायचीच. रेनांतेला दाखवलं तर तोही तेच बोलला. तिने शेऱ्यात लिहिलं, उत्तरं एकसारखी करावीत.

यादीच्या तळाशी कर्मचाऱ्यांच्या घरच्या पेट्यांच्या नोंदी असत. ती तिथवर कधी जात नसे. त्या दिवशी बोट थांबलं नाही, म्हणून गेली. गिंबाल, कर्मचारी चार. मंगळवार, बारा वाजून सात मिनिटं. साथ. ‘बसलोय.’

बाराला पासिंग निघते. सात मिनिटांत ती आपल्या घरात शिरलेली असते.

४

ताताय दिवसभर खिडकीखालच्या बांबूच्या बाकावर असत. बाक चांगला सहा फुटांचा, आणि त्याच्या बरोबर मधोमध, दोन्हीकडे जागा सोडून बसायची त्यांची सवय. बुधवारी संध्याकाळी हर्मिनिया घरी आली तेव्हा ते डाव्या टोकाला बसलेले होते.

“सरक,” ते म्हणाले.

झटक्यानंतर त्यांच्याकडे सात-आठ शब्द उरले होते, त्यांत हा नव्हता. आपल्याला म्हणताहेत असं समजून ती बाजूला झाली. त्यांनी मान हलवली. “सरक,” पुन्हा म्हणाले, आणि स्वतःच बोटभर आणखी टोकाकडे गेले.

रात्रीच्या जेवणाला तिने त्यांच्या आवडीची काद्योस, म्हणजे तुरीचे दाणे, घालून केलेली फणसाची आमटी वाढली. त्यांनी चार घास खाल्ले. त्यांची उजवी बाजू झटक्यापासून गारच असे. तोंड पुसताना तिच्या लक्षात आलं की आता डावा दंडही गार आहे. चांगला दंड. मार्च महिना, पत्र्याखालचं घर, तिच्या स्वतःच्या मानेवरून घाम ओघळत होता.

गुरुवारी ते भिंतीला टेकलेले होते. शुक्रवारी खांदा आत ओढून, अंग चोरून बसलेले. उजवीकडे साडेचार फूट बाक मोकळा होता. ते तिकडे बघत नव्हते. हर्मिनिया आत आल्यापासून ते फक्त तिच्याकडे बघत होते, आणि डोळ्यांत जे होतं ते तिला ओळखू आलं नाही, कारण वडिलांना घाबरलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी गटाचं काम दुपारी तीनपर्यंतच असे. तिने सकाळी पहिली ती नोंद उघडली. बुधवार, बारा वाजून सात मिनिटं: ‘बसलोय. जागा कमी आहे.’ त्याच दिवशी, बारा वाजून वीस मिनिटं: ‘बसलोय. सरकायला सांगितलं.’

पेटीला कान असतो, असं तिने स्वतःला समजावलं. तातायचा शब्द पेटीने ऐकला आणि त्याची गोष्ट केली. जीपनीत बसून तासभर तिने हे इतक्या वेळा घोकलं की प्लाझाशी उतरताना ते पटलंही. फाटक लोटता लोटता तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. अशा रुग्णांना आपले शब्द सुचत नाहीत, पण दुसऱ्याचा ऐकलेला शब्द ते दिवसभर तसाच म्हणत राहतात, असं डॉक्टर म्हणाले होते.



५

सोमवारी तिने रेनांतेला बैठकीच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. गोष्ट नीट क्रमाने सांगता आली याचंच तिला आश्चर्य वाटलं. रेनांतेने थट्टा केली नाही. त्याची आईही एकटी असे, शहराच्या जारो भागात, पण त्याने पेटी अजून खोक्यातून काढलेली नव्हती. सतराव्या टूलच्या आत काय आहे ते कंपनीच्या प्रोग्रामरकडून काढून घेतो, असं तो म्हणाला.

तीनच्या सुमाराला तो स्वतः तिच्या टेबलाशी आला. खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला.

“मागे काहीच नाही, मानांग.”

“काहीच नाही म्हणजे?”

“बाकीच्या बावीस टूल्सच्या मागे प्रोग्राम आहे. सतराच्या मागे नाही. कधीच नव्हता. नाव आहे आणि वर्णन आहे. एजंट ते उचलतो, आणि ते उचलणं कुठेच जात नाही.”

“मग उत्तर कोण देतं, सर?”

रेनांतेने चष्मा काढून पुसला. “तेच मीही त्या प्रोग्रामरला विचारलं. तो म्हणाला, उद्या सांगतो. मग फोन उचललाच नाही.”

त्याने तिच्यादेखत सतरावं टूल यादीतून काढून टाकलं. कंपनीला कळवलं की त्या टूलचं काम आम्ही करणार नाही. बावीस उरली. हर्मिनियाला वाटलं, आता पुरे. त्या रात्री तातायनी थोडं जास्त खाल्लं, असंही तिला वाटलं.

मंगळवारी बारा वाजून सात मिनिटांनी नोंद आली. पुढे टूलचं नाव नव्हतं, क्रमांक नव्हता. नुसतं, ‘बसलोय.’

६

बुधवारी तिने रजा काढली, पण घरी सांगितलं नाही. रोजच्यासारखी सकाळी निघाली, चर्चच्या आवारात बसून राहिली आणि बारा वाजून गेल्यावर परसाच्या बाजूने घराकडे आली. ऊन डोक्यावर होतं. शेजारच्या आवारात कोंबड्या माती उकरत होत्या. खिडकी अर्धी उघडी होती आणि बाक आतून तिच्याच खाली होता, त्यामुळे तिला टाचा उंच कराव्या लागल्या.

तातायचं डोकं दिसलं, पांढरं, भिंतीला घट्ट लागलेलं. त्यांचा डावा हात छातीशी होता आणि उजवा, निकामी, अंगापासून थोडा दूर, कुणीतरी अंग टेकल्यावर राहतो तसा. हर्मिनियाने बाकाकडे पाहिलं. बांबूच्या पट्ट्या वडिलांच्या खाली थोड्या वाकल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्या खूप खाली वाकल्या होत्या, आणि तिथे कुणी नव्हतं.

मग तिची नजर वर गेली. बाकाच्या पुढे, तातायच्या खांद्याच्या उंचीवर, एक गुडघा होता. बसलेल्या माणसाचा गुडघा तिथे नसतो. फार वर होता. राखी, घडी पडलेला, आणि तो जरासा हलला. ऐसपैस बसायला माणूस पाय पसरतं, तसा.

ती कशी आत गेली ते तिला पुढे सांगता आलं नाही. आत गेली तेव्हा बाकावर ताताय एकटे होते. तिने पेटी भिंतीवरून उपटली, तारा ओढून काढल्या आणि पेटी अंगणात नेऊन दगडाने फोडली. पासिंग आवाजाने धावत आली, तर हर्मिनिया तिला एवढंच म्हणाली की आजपासून तातायना तुझ्याकडे ठेव, एक क्षण एकटं सोडू नको. पासिंगचं घर भरलेलं, सुना, नातवंडं, दोन कुत्री. तिने कारण विचारलं नाही.

गुरुवारचा दिवस बरा गेला. शुक्रवारी दुपारी पासिंगचा फोन आला. आवाज खालचा होता. “हर्मी, पोरं ओसरीवर जेवायला बसत नाहीत. तातायच्या बाजूला जागा नाही म्हणतात. अख्खी सतरंजी मोकळी आहे ग.”

७

हर्मिनियाने विचार केला तो असा. मागे काही नव्हतं. होतं ते नुसतं वर्णन, आणि ते कुणाला तरी कळत होतं. जुन्या, गचाळ वर्णनात निदान दोन अडसर होते. ते तिने आपल्या हाताने काढले, मग ते टूल चाललं. आता वाक्यं परत घालून उपयोग नव्हता. बसलेलं बसलं होतं. परत बोलवायचं टूल नव्हतं, तर ते लिहायला हवं होतं. मागे प्रोग्राम लागत नाही, हे तर दिसलंच होतं. वर्णन मात्र नीट लागतं, आणि ते तिला येत होतं.

शनिवारी सव्वाबाराला गट जेवायला खाली गेला. बाचोय, नूडल्सचं गरम सूप, खायला चल म्हणून रेनांतेने दोनदा बोलावलं. ती म्हणाली, एवढं संपवते. चाळीस खुर्च्यांच्या त्या दालनात ती एकटी राहिली. खिडक्यांचे पडदे उघडे होते, ऊन थेट टेबलांवर पडलेलं होतं.

तिने तेविसावं टूल लिहायला घेतलं. नाव, ‘परत’. वर्णनात आधी ‘गिंबालच्या घरातून’ असं लिहिलं होतं. मग तिला दिवा न विझवणारी म्हातारी आठवली. तिने रेनांतेला मागेच विचारून ठेवलं होतं, ती शंभर घरं खोटीच ना? तो म्हणाला होता, खऱ्या घरांवरूनच बनवलीत, फक्त नावं बदललीत. हर्मिनियाने गिंबाल खोडलं आणि लिहिलं: ‘साथ’ जिथे जिथे बसलंय, त्या प्रत्येक घरातून त्याला उठवतं आणि परत आणतं.

तिने ते एकदाच चालवलं. एजंट थांबला. त्याने विचारलं, ‘परत कुणाकडे? वर्णनात नाही.’

वर्णन अपुरं होतं. एखाद्या मुलीने असं लिहिलं असतं तर तिने लाल रेघ मारली असती.  कंपनीचं नाव टाकता आलं असतं. पण तिथेही फोन उचलणारं कुणीतरी असेल, त्याची आई असेल. समुद्र, डोंगर, असलं काही टाकलं तर एजंट पुन्हा विचारणार, कुणाकडे. माणूस लागत होतं.  तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, मजला लिहिला, टेबलाचा क्रमांक लिहिला, आणि बटण दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग नोंदी यायला लागल्या.

‘उठलो.’

‘उठलो.’

‘उठलो.’

त्या वर सरकत गेल्या, तिला मोजता येईनात. शेवटची गिंबालची होती. तिच्यानंतर संगणकाचा पडदा स्थिर झाला.

फोन वाजला. पासिंग होती, आणि आता मोठ्याने बोलत होती. तातायनी पाय लांब केले, सतरंजीच्या मधोमध आडवे झाले आणि घोरताहेत, असं तिने सांगितलं. इतक्या दिवसांत असे झोपले नव्हते. तू लवकर ये, तुझ्यासाठी आमटी ठेवते.

“बरं झालं,” हर्मिनिया हळू आवाजात म्हणाली. “त्यांना झोपू दे.”

ती बोलत असतानाच दालनाच्या पार टोकाला, लिफ्टच्या बाजूला, सुस्कारा सोडल्यासारखा बारीक आवाज झाला. ऑफिसच्या खुर्चीवर वजन पडलं की ती खाली जाते, तेव्हा होतो तो. मग त्याच्या अलीकडे एक. मग त्या रांगेत तीन एकदम. हर्मिनियाने फोन टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मान वळवायची नाही, एवढं तिने ठरवलं होतं. पुढची रांग बसली. तिच्या पाठीमागची बसली. उन्हाने तापलेल्या दालनात गारवा पायांपासून वर चढत होता. खुर्च्या चाळीसच होत्या. त्या संपल्यावर टेबलांची लाकडं करकरली, आणि मग तिच्या दोन्ही दंडांना, एकाच वेळी, काहीतरी टेकलं. डोळ्यांच्या कडेला, खांद्याच्या उंचीवर, राखी रंग होता. एका बाजूलाही, दुसऱ्या बाजूलाही.

तिने कोपर आत ओढून घेतले.

एक वाजता दार उघडलं. रेनांते होता, हातात तिच्यासाठी आणलेला बाचोयचा डबा, मागे गटातली सात-आठ माणसं हसत-बोलत. उंबऱ्यात पाय ठेवून तो थांबला. मागचं हसणं थांबलं. त्याने हर्मिनियाकडे पाहिलं नाही. त्याची नजर दालनभर फिरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि भरल्या बैठकीत चुकून शिरल्यावर माणूस करतो तशी त्याने मान लववली.

“माफ करा,” तो म्हणाला, आणि दार हळूच ओढून घेतलं.